खंडेनवमीनंतरचं मौन

विनयाने फ्रीझरमधून सेन्सरची तार ओढून काढली, ओढणीच्या टोकात गुंडाळली आणि मुठीत आवळून धरली. ओढणीतूनही बर्फाचा चटका लागत होता. टेबलावरच्या पडद्यावर आकडे पायऱ्या चढावेत तसे चढत गेले. उणे सत्तर, उणे चाळीस, उणे दहा, आणि मग चक्क वीस. डेटाबेस सर्व्हरने सगळे इमानाने टिपून घेतले. आता नियमाप्रमाणे त्याने बोंब ठोकायची होती. फ्रीझर तापला की तिला आणि केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना धोक्याची मेल जायची, एवढ्याचसाठी तर विनयाने ही सगळी जुळणी केली होती.

मेल आली नाही.

“आली का गं?” दारातून डॉक्टर रत्नप्रभा बारलिंग्यांनी विचारलं. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात रेल्वेचं तिकीट.

“येईल, ताई. कधी कधी उशीर लागतो.”

“उशीर? पोरं मेल्यावर येईल का मग?”

ताई नागपूरच्या. चंदीगडच्या या धर्मादाय रक्तविकार केंद्रात त्यांची उमेदीची वर्षं सरली आणि केस पिकले, पण बोलण्यातली संत्र्याच्या सालीसारखी आंबट-कडू चव तशीच राहिली. थॅलेसेमियाची मुलं म्हणजे त्यांचा प्रपंच. या मुलांच्या अंगात स्वतःचं रक्त टिकत नाही. दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागतं. डेराबस्सीपासून मुल्लानपूरपर्यंतची अशी शेकडो लेकरं ताईंच्या हाताखालून गेली होती आणि प्रत्येकाच्या रक्तातल्या पाण्याचा, सीरमचा, एकेक थेंब अभ्यासासाठी इवल्या कुपीत भरून या फ्रीझरमध्ये निजवला होता. त्यातली काही मुलं आता नव्हती. त्यांच्या बाबतीत तेवढा थेंबच काय तो मागे उरला होता.

फ्रीझर म्हातारा. त्याच्या दाराचं रबर फाटलेलं, कॉम्प्रेसर दम लागलेल्या बैलासारखा धापा टाकायचा. नवा भाग दिवाळीनंतर येणार होता. सुट्टीत केंद्र ओस पडणार. म्हणून ताईंनी अट घातली होती: “मला एक खोटी धोक्याची मेल पाठवून दाखव. मग मी गाडीत बसते. नाहीतर दिवाळी इथंच, या कपाटासमोर पणती लावून.”

आणि आता ती खोटी मेलसुद्धा येईना.

विनया घोरपडे मूळची कराडकडची. नवरा इंद्रजित हवाईदलात, त्याच्या बदल्यांमागून तिचे संसाराचे पेटारे फिरायचे आणि त्या पेटाऱ्यांबरोबर तिची कॉम्प्युटरची विद्या. या गावी तिला हे कंत्राटी काम मिळालं होतं आणि ताईंची माया मिळाली होती. मायेबरोबर टोमणेही फुकट.

तिने आधी स्वतःच्या मशीनवरून ताईंना एक साधी मेल पाठवली. लगेच पोचली. म्हणजे टपालखातं धडधाकट होतं. मग तिने डेटाबेसला हुकूम दिला, तू पाठव. त्याने बराच वेळ विचार केला आणि लाल अक्षरांत एवढंच सांगितलं की जमलं नाही. का जमलं नाही, ते सांगायची पद्धत त्याच्यात नव्हती.

“अरे पण का?” विनया पडद्यावर खेकसली.

“कोणाशी बोलून राहिली?”

“तुमच्या जावयाशी.” विनयाने डोकं धरलं. “सगळं खातो, सगळं ऐकतो, आणि विचारलं की मान खाली.”

तिने मेलच्या सेटिंग्ज उघडल्या. पत्ता बरोबर. टपाल सर्व्हरचं नाव बरोबर. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. खुर्ची मागे रेटून ती कूलरच्या पाण्याचा पेला घेऊन आली, तोवर तेच. पेला खाली ठेवताना तिच्या ओठांवर जात्यावरच्या चालीत काहीबाही आलं. चिडली की तिला ओव्या सुचायच्या. ही तिची लहानपणापासूनची खोड.

*माझ्या गं दारामंदी, मुका राखण्या बसविला*
*चोर येऊनिया गेला, त्यानं शब्द ना उच्चारिला*

“वा,” ताई म्हणाल्या. “गाणं झालं असेल तर काम कर.”

तेवढ्यात मोबाइल वाजला. घरून नेत्रा, तिची लेक. “मम्मा, कब आओगी? रांगोळी के कलर लाने थे.”

“येते बाळा, थोड्या वेळात.”

“आप हमेशा थोड्या वेळात बोलती हो,” म्हणून लेकीने फोन ठेवला. मराठीतले तेवढेच दोन शब्द तिला नेमके पाठ होते.

विनयाने दात-ओठ खात सर्व्हरचं अंतरंग उघडलं आणि एका ओळीपाशी तिची बोटं थांबली. डेटाबेस चालतो तो कुणाच्या तरी नावाने चालतो. जसा पाहुणा कुणाच्या तरी ओळखीने घरात येतो, तसा. तिने हा डेटाबेस ताईंच्या अकाउंटने चालवला होता, कारण मेलचं खातं ताईंचं होतं. तिथे आता ताईंचं नाव नव्हतं. तिथे मशीनचं स्वतःचंच नाव होतं. मशीन घरात राजा. आकडे टिपायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण वेशीबाहेर, टपालाच्या दारात, त्याला ओळखणारं कुणी नाही. म्हणून टिपणं चालू आणि बोलणं बंद.

“हे कुणी बदललं?” ती पुटपुटली. आणि विचारता विचारताच तिला उत्तर दिसलं.

खंडेनवमी.

त्या दिवशी ताईंनी झेंडूची फुलं आणली होती, हळद-कुंकवाचा करंडा आणला होता. सेंट्रिफ्यूज, सूक्ष्मदर्शक, सर्व्हर, सगळ्यांची पूजा. विनया सर्व्हरला फूल वाहायला गेली तर ताईंनी हात धरला. “चालू मशिनीची पूजा करतात का? शस्त्र म्यानात ठेवून पूजतात, बाप्पा. त्यालाही घटकाभर निजू दे.” आणि विनयाने हौसेने सर्व्हर बंद केला होता. पंजाबी मंडळी कौतुकाने बघत होती. कॉम्प्युटर विभागाचा नरेश ग्रोव्हर म्हणाला होता, “हमारे यहाँ तो मशीन की पूजा दिवाली के अगले दिन होती है जी. आपका भगवान ज़रा जल्दी उठता है.”

पूजा झाली, पेढे वाटले, आणि डेटाबेस उठेना. म्हणे लॉगिन चुकीचं. विनया तेव्हा ताटं विसळायला गेली होती. नरेशने माऊस दोनदा हलवला आणि सगळं सुरू. “चल पडा ना जी?” असं म्हणून तो दुसरा पेढा उचलून गेला होता. चल पडा. कसं चल पडा, ते तिने विचारलंच नव्हतं.

“ताई,” तिने विचारलं, “तुम्ही तुमचा पासवर्ड कधी बदललात?”

“पावसाळ्यात. त्या नरेशनं सगळ्यांना फर्मान काढलं होतं ना. मी बदलला. बाकी कोणी बदलला नसेल, सांगून ठेवते.”

तर असं होतं. ताईंनी पासवर्ड बदलला, तरी डेटाबेस जुन्याच ओळखीवर आत बसून होता. एकदा आत बसलेला उठल्याशिवाय कुणी त्याची चिठ्ठी, म्हणजे पासवर्ड, बघत नाही. पूजेसाठी त्याला बाहेर काढला आणि परत येताना दारात त्याची जुनी चिठ्ठी चालेना. नरेशने चिठ्ठीच फाडून टाकली आणि मशीनच्याच नावाने त्याला आत घेतलं. सोपं.

“नवा पासवर्ड सांगा.”

“नाही सांगणार.”

“ताई!”

“कोणालाही सांगायचा नाही म्हणून त्यानं माझी सही घेतली आहे. मी घालते माझ्या हातानं. तू तिकडं तोंड कर.”

साऱ्या केंद्रात पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेले होते. नियम पाळणारी ही एकच बाई, आणि नेमकी तिच्याशीच गाठ. विनया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता, पक्ष्याने दाणा टिपावा तसा.

“नाही म्हणते.”

“पुन्हा घाला. मोठी अक्षरं चालू नाहीत ना?”

“मला काय समजते मोठी की लहान? ठिपकेच दिसून राहिले.”

टिक, टिक, टिक. “नाही म्हणते.”

“थांबा, मी बघते.”

“तोंड तिकडं!” टिक, टिक. मग ताईंचा जरा नरमलेला आवाज, “विनया, हे काहीतरी वेगळंच म्हणून राहिलं.”

अकाउंट बंद झालं होतं. तीन चुका, कुलूप. कुलपाची किल्ली नरेशकडे. आणि नरेश दिवाळीचे डबे वाटायला गेलेला.

पहिल्या फोनवर मागे हॉर्नच हॉर्न होते. “मॅडमजी, मैं सेक्टर बाईस में फँसा हूँ, पाँच मिनट.” दुसऱ्या फोनला तो मनीमाजऱ्यात मावशीकडे होता. तिसऱ्याला म्हणाला, “अब तो मंडे को ही देखेंगे जी. सर्व्हर चल तो रहा है ना?”

“चल रहा है, पर बोल नहीं रहा है!” विनया ओरडली. “उसको किसने गूंगा किया? आपने!”

“लो जी. मैंने तो चलाया था. बंद आपने किया था, फूल चढ़ाने को.”

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच जास्त झोंबलं. ताईंनी तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

“नरेशजी, मैं बारलिंगे. आपके कमरे के बाहर कुर्सी डाल के बैठ रही हूँ. नागपूर नहीं गई तो मेरी बहन को आप ही फोन करना. उसका नंबर लिखो.”

पलीकडून नरेश म्हणाला, “आ रहा हूँ जी.”

तो आला तेव्हा त्याच्या हातात बर्फीचा एक डबा होता; वाटून उरलेला की वाटायचा राहिलेला, कळत नव्हतं. तोंड उतरलेलं. आल्या आल्या त्याने कुलूप काढलं आणि हात झटकले. “हो गया.”

“नाही झालं,” विनया म्हणाली. “ताईंच्या नावाने नको. ताई पासवर्ड बदलतील, पुन्हा हेच. सर्व्हर का अपना अलग अकाउंट बनाइए. जिसका पासवर्ड अपने आप खतम न हो.”

“ऐसा रूल नहीं है.”

“मग रूल करा.”

“किसके नाम पे बनाऊँ? आदमी तो होना चाहिए.”

“फ्रीझर के नाम पे.”

नरेशने ताईंकडे पाहिलं. ताई बर्फीचा डबा उघडत होत्या. “बनाओ,” त्या म्हणाल्या, “सबसे ईमानदार कर्मचारी वही है.”

अकाउंट झालं. विनयाने ते डेटाबेसच्या गळ्यात बांधलं, सर्व्हिस थांबवली, चालू केली. लॉगिन चुकीचं. नरेश हसला, विनयाला वाटलं, कीबोर्ड त्याच्या डोक्यात घालावा. पासवर्ड तपासला, बरोबर. पुन्हा चालू केली, पुन्हा नकार. मग लाल ओळी नीट वाचल्यावर कळलं की नाव आणि पासवर्ड दोन्ही मान्य आहेत, पण या नव्या नोकराला असं पडद्याआड राबायची मुभाच दिलेली नाही.

“घ्या! नोकरीवर घेतला आणि आत यायची चिठ्ठी दिली नाही.”

नरेशने निमूट मुभा दिली. डेटाबेस उठला. पण मेल अजून नाहीच, कारण नव्या माणसाच्या नावाने टपालाची पेटी कुणी मांडली नव्हती. विनयाने त्याच्या नावाने आत शिरून ती मांडली, पत्ता घातला, टपालखात्यातही तोच पासवर्ड दिला, पुन्हा एकदा सर्व्हिस थांबवून उठवली. मग सेन्सरची तार पुन्हा ओढणीत गुंडाळली आणि मूठ आवळली.

आकडा चढला. ताईंच्या मशीनवर टुणकन आवाज झाला. पाठोपाठ विनयाच्या.

“आली!” ताई लहान मुलीसारख्या ओरडल्या. “आली बाई आली! धोका, धोका म्हणते!”

तिघांनी बर्फी खाल्ली. विनयाचा हात बधिरला होता, तिने डाव्या हाताने खाल्ली. नरेश आता खुलला. रुमालाला बोटं पुसत, निघता निघता तो सहज म्हणाला, “चलो जी, बीच में कुछ हुआ नहीं होगा. हुआ होता तो पता चल जाता.”

तो गेला. ताई पलीकडच्या खोलीत फोनवर बहिणीला चिवडा कसा हवा ते सांगू लागल्या. विनया सेन्सर परत आत ठेवून दार लावायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

कसं पता चलणार? सांगणारा तर मुका होता. एवढे दिवस मेल आली नाही, म्हणून दोघी निश्चिंत होत्या. आणि मेल तर येऊच शकत नव्हती. दिवसभर ती त्याला बोलतं करायला झगडली, पण काय पाहिलंस रे, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

तिने विचारलं. खंडेनवमीपासून कालपर्यंतचे सगळे आकडे, सर्वांत गरम तो आधी.

वर आलं: वरचा कप्पा, अधिक पाच.

दसऱ्यानंतरचा रविवार होता तो. त्या बाजूची वीज दुरुस्तीसाठी बंद ठेवली होती, आणि सर्व्हर दुसऱ्या लाइनवर असल्याने जागा होता. दुपारभर आकडा चढत गेला होता, संध्याकाळी शून्याच्या वर गेला, मग वीज आली आणि हळूहळू पुन्हा खाली उतरला. खालचा कप्पा गोठलेलाच राहिला होता. वरचा वितळून पुन्हा गोठला होता. डेटाबेसने सारं लिहून ठेवलं होतं, मिनिटामिनिटाने, आणि प्रत्येक वेळी टपालाच्या दारावर धडका मारून परतला होता.

वरच्या कप्प्यात सर्वांत जुन्या कुप्या होत्या. ताईंची अगदी पहिली पोरं.

विनयाने फ्रीझर उघडून एक कुपी उजेडात धरली. पांढरी, घट्ट, शेजारणीसारखीच. डोळ्यांना काही कळणं शक्य नव्हतं. पलीकडून ताईंचा हसण्याचा आवाज येत होता, किती महिन्यांनी. गाडी संध्याकाळची. पडद्यावरची ती ओळ एका कळीने मिटली असती. पुसायचीही गरज नव्हती, फक्त न बघितल्यासारखं करायचं. मग त्या सीरमवर ताई तपासण्या करणार, वितळून बिघडलेल्या थेंबांतून आकडे काढणार, आणि त्या आकड्यांवरून कुठल्या तरी जिवंत पोराचं औषध ठरणार.

“ताई,” तिने हाक मारली. “फोन ठेवा. इकडे या.”

ताईंनी पडदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

“सेन्सर बिघडला असेल.”

“मी तोही पाहिला, ताई. दोन्ही कप्प्यांचे सेन्सर वेगळे आहेत. दोन्ही एकाच वेळी चढलेत.”

“तर मग तुझ्या मशिनीनं तेव्हा काहून सांगितलं नाही?” ताईंचा आवाज चिरकला. “कशाले ठेवली आहे ती? कशाले मी तिला...” आणि तिथे त्या थांबल्या. कारण पुढचा शब्द फूल होता.

विनया म्हणाली, “बंद मी केला होता.”

“माझ्या सांगण्यावरून.” ताई स्टुलावर बसल्या. “म्यानात ठेव म्हणे. मोठी शहाणी. आणि आपण म्यानात ठेवली नेमकी त्याची जीभ.” बराच वेळ त्या नरेशला, वीजवाल्यांना, फाटक्या रबराला आणि स्वतःला आळीपाळीने बोलत राहिल्या. शिव्या संपल्या तशा उठल्या, हातमोजे चढवले.

“वरचा डबा काढ. एकेक नाव वाच.”

विनया नावं वाचत गेली. जी मुलं अजून येत होती, त्यांच्या कुप्या ताई एका बाजूला ठेवत होत्या. पहिल्याच नावाला त्यांनी फोन लावला, मनीमाजऱ्याला, मुलाच्या आईला.

“कृष्णाजी? हाँ, डॉक्टर बारलिंगे. काके को दिवाली के बाद एक बार और लाना पड़ेगा, खून देने. नहीं, वो बिल्कुल ठीक है. उसका कुछ नहीं बिगड़ा. बिगाड़ हमसे हुआ है.” पलीकडची बाई काही बोलली. “हाँ, सुई फिर से लगेगी. मुझे मालूम है वो अब भी रोता है. उसको बोलना, गाली मुझे दे.”

असे फोन होत गेले. नागपूरच्या तिकिटाकडे कुणीच पाहिलं नाही. ते पर्सखाली दबून गेलं होतं.

मग एक कुपी आली. विनयाने नाव वाचलं आणि ताईंनी फोन उचलला नाही.

“हा नाही आता,” त्या म्हणाल्या. “मुल्लानपूरचा. बोरं आणायचा खिशात भरून, आणि सगळ्या टेबलावर बिया टाकायचा.”

“याचं पुन्हा घेता येणार नाही.”

“नाही.”

“मग अभ्यासातून काढू?”

“काढ. वितळलेलं आहे, काही कामाचं नाही. नोंद कर तशी.”

विनयाने नोंद केली. ताईंच्या तळव्यावर कुपीभोवती धुकं दाटून येत होतं. टाकायच्या डब्याकडे त्यांचा हात गेला नाही. त्या खालच्या कप्प्याशी वाकल्या, दोन डबे सरकवून मागे जागा केली, आणि तिथे थांबल्या.

“ताई, बिनकामाची आहे ना?”

“आहे.”

फ्रीझरचं दार सताड उघडं होतं. थंड वाफ दोघींच्या पायांशी सांडत होती. ताई वाकलेल्याच होत्या, जागा पुन्हा पुन्हा नीट करत. तेवढ्यात टेबलावर टुणकन वाजलं, मग शेजारच्या मशीनवर. धोका. फ्रीझर तापतो आहे. लगेच दुसऱ्यांदा. धोका.

“हो रे बाप्पा,” ताई मागे न बघता चिडून म्हणाल्या. “ऐकू येतं मला. लावते दार.”

त्यांनी कुपी मागच्या जागेत सरळ उभी केली, डबे पुढे ओढले आणि फाटक्या रबरावर गुडघा दाबून दार घट्ट लावलं.